पंख्याच्या होडीचं सील

इंदापूरच्या बाजारात स्पेअर पार्टचं एक दुकान आहे. तिथला मालक मला लांबून बघितलं की हातातलं गिऱ्हाईक सोडून ओरडतो, "काय मिस्त्री, बसलं का सील?" दुकानातली माणसं हसतात. मीही हसतो. "न्हाय बसलं," म्हणतो, आणि ज्या सामानासाठी आलेलो असतो ते मागतो.

बारामतीत माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, ऊस ओढणाऱ्या गाड्या, विहिरीवरची इंजिनं, मला काही वर्ज्य नाही. आमची मंडळी म्हणते, तुम्ही हात लावल्यापासून घरचा मिक्सर उलटा फिरतो. हे साफ खोटं आहे. तो फिरतच नाही. तरी लोक माझ्याकडे येतात, कारण मी बोलतो चांगलं. दुरुस्ती करताना समोरच्याला सगळं समजावून सांगायची मला खोड आहे. त्या खोडीचीच ही गोष्ट आहे, म्हणजे पुढं कळेल.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं आणि लांबच्या लांब गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो. पाय टाकला की मांडीपर्यंत खाली. मधल्या डबक्यांवर जलपर्णीची गादी. तिथं साधी होडी चालत नाही, माणूस चालत नाही. म्हैससुद्धा जात नाही. आणि जिथं म्हैस जात नाही तिथं शहाण्यानं जाऊ नये, एवढं मला तेव्हा सुचायला हवं होतं.

तात्या मासेमारी करणारे. धरणकाठच्या वस्तीवर त्यांचं घर. आदल्या वर्षी दिवाळी सरल्यावर त्यांचा धाकटा भाऊ जाळी काढायला पाण्यात गेला आणि त्याची होडी एकटीच परत आली. होडीत डबा होता. डब्यातली भाकरी तशीच होती. तेव्हा धरण तुडुंब. पाणबुडे उतरले, जाळी ओढली, गळ टाकले; काही लागलं नाही. तात्यांना खात्री होती की भाऊ बुडालेल्या जुन्या गावापाशी, चिंचेच्या खोडात अडकलाय, कारण जाळी तो तिथंच लावायचा. आता पाणी उतरलं होतं, खोड वर आलं होतं. पण तिथवर जायचं कसं?

"मिस्त्री," तात्या गॅरेजात येऊन म्हणाले, "चिखलावर चालंल असं कायतरी करा. एक हाडूक जरी घावलं तरी पानी सोडता यील त्याला. असा किती दिस लोंबकळत ठिवायचा?"

मी फोनवर परदेशातल्या त्या पंख्याच्या होड्या बघितल्या होत्या. सपाट बुडाची पत्र्याची होडी, मागं गाडीचं इंजिन, आणि इंजिनाच्याही मागं पुरुषभर उंचीचा पंखा. वारा मागं फेकायचा आणि चिखल असो, जलपर्णी असो, वरून घसरत जायचं. मी म्हणालो, "तात्या, झालंच समजा."

इंजिन भंगारातल्या एका जुन्या गाडीचं आणलं. पंखा कळंबच्या सुताराकडून सागवानात कोरून घेतला. त्या बिचाऱ्यानं विचारलंही, "पाती कुठल्या अंगाला वळवू?" मी फोन आडवा धरून चित्र दाखवलं. माझा फोन आरशासारखी उलटी चित्रं दाखवतो हे मला पहिल्या चाचणीला कळलं. अख्खी वस्ती काठावर जमलेली. मी खुर्चीवर बसून ऐटीत इंजिन चालू केलं, आणि होडी मागच्या मागं निघाली, थेट काठावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर. दोन-चार टोप्या धरणात गेल्या. एक आबा म्हणाले, "आरं, ह्यो तर आमालाच पानी सोडाय निगालाय!"

पाती सुतारानं पुन्हा कोरली. होडी सरळ जाऊ लागली. वस्तीवर तिला सगळे नुसतं "पंखा" म्हणायचे.

त्या दिवसांत माझं दुपारचं जेवण तात्यांच्या घरी असे. पत्र्याचं घर, शहाबादी फरशी, दारात कडुनिंब. तात्या एकटेच, आणि धाकट्याच्या मागं राहिलेली त्याची बायको. मी तिला वहिनी म्हणायचो. त्या घरात जुनी रीत अजून होती: थोरला दीर आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी थेट बोलायचे नाहीत. पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. वहिनी डोक्यावरचा पदर सावरत खांबाकडं बघून मला म्हणाली, "त्यांना सांगा, साखर संपलीया."

तात्या माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले. मी इमानानं वळलो. "तात्या, साखर संपलीय."

"तिला सांगा, सांजच्याला आणतो."

"वहिनी, ते संध्याकाळी आणतायत."

असा मी पोस्टमन झालो. पुढं लक्षात आलं की मी तोंड उघडायच्या आतच दोघांनी ऐकलेलं असतं. मी फक्त मध्ये बसायचं असतं. आधी हे काम धाकटा करायचा. मी बसायचो तीही जागा त्याचीच होती, खांबाला टेकून. हे मला वहिनीनं सांगितलं, अगदी सहज, ताटात भाकरी वाढता वाढता.

एकदा चहा झाल्यावर बशी ठेवायला उठलो आणि उंबऱ्याजवळ पाय सटकला. बशी फुटली, मी फरशीवर आडवा. बघतो तर फरशीवर ओलं. बाहेर वैशाखाचं ऊन, अंगणातली मातीसुद्धा तडकलेली. मी कमरेवर हात ठेवून विनोद केला, "तुमचा नळ गळतोय जणू. माझ्यासारखाच कुणी मिस्त्री लावलेला दिसतोय!"

कुणी हसलं नाही. तात्या आढ्याकडं बघत बसले. वहिनीनं बशीचे तुकडे गोळा केले. पण ते ओलं काही पुसलं नाही. लुगडं जरा उचलून ती त्याला वळसा घालून आत गेली. मला वाटलं, माझ्या विनोदाचा राग आला असेल. लोकांना येतो.

दुसऱ्या दिवशी होडीपाशी काम करत होतो तेव्हा ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी नसलेले गुण दाखवायला टपलेलोच असतो. ती इंजिनाकडं बघत होती. नवऱ्याच्या होडीचं छोटं इंजिन ती स्वतः पुसायची, तेल बघायची, त्यामुळे अगदीच अनोळखी नव्हतं. तिनं विचारलं, "ही वरची नळी कशाची वो?"

झालं. मी पाना खाली ठेवून प्रवचन सुरू केलं. "वहिनी, हे इंजिनाचं नाक. ब्रीदर म्हणतात. पोटात जो धूर-वारा कोंडतो तो हितनं बाहेर पडतो. हे नाक दाबलं ना, तर कोंडलेला वारा तेलाला ढकलतो, आणि तेल मग जिथं फट घावेल तिथनं बाहेर. आधी कुठनं, सांगा? हितनं." आणि मी इंजिन आणि पंखा यांच्या मधला भाग दाखवला, जिथं क्रँकचा दांडा इंजिनातून बाहेर येतो आणि त्याच्याभोवती रबराचं गोल सील असतं. ती म्हणाली, "अगं बाई." आणि तांब्या घेऊन गेली.

पहिल्या खऱ्या फेरीला मी आणि तात्या निघालो तेव्हा दुपार होत आली होती. सकाळी वारा असतो, म्हणून वारा पडायची वाट बघितली. पंख्याचा आवाज इतका की बोलणं शक्य नाही. तात्या पुढं उकिडवे बसून हातानं दिशा दाखवत होते. चिखल, जलपर्णी, चिखल. दोन्ही बाजूंनी बगळ्यांचे थवे उठत होते. मग बगळे दिसेनासे झाले. चिखल तोच, डबकी तीच, पण त्या टापूत एक पाखरू नाही. समोर पाण्यातून वर आलेला देवळाचा कळस दिसला, आणि त्याच्या उजव्या अंगाला चिंचेचं काळं खोड, फांद्या वर केलेलं.

तेवढ्यात तेलाच्या दाबाचा काटा खाली आला. मी इंजिन बंद केलं.

आवाज थांबल्यावर जी शांतता पडली ती मी आधी कधी ऐकली नव्हती. शांतता ऐकू येत नाही, हे मलाही कळतं. पण ती ऐकू आली. ऊन डोक्यावर, आमच्या सावल्या पायाखाली गेलेल्या. मागं वळून बघितलं तर पंख्याची जाळी, पाती, सगळं काळ्या तेलानं माखलेलं. तेल सीलमधून आलं होतं. पाण्यावर त्याचा तवंग पसरला, जांभळा-हिरवा, आणि हळूहळू लांब होत होत चिंचेकडं निघाला. वारा नव्हता.

तेल मोजायला डिपस्टिककडं हात नेला. ती तेल मोजायची काडी नळीत खोल रुतलेली असते, ओढल्याशिवाय निघत नाही. ती वितभर वर आलेली होती, कुणीतरी उपसून बघावी तशी. आम्ही तर दोघंही इंजिनाच्या पुढं बसलेलो. मग तेल ओतायला झाकण फिरवलं, आणि इंजिनानं आतून मोठा, लांब सुस्कारा सोडला.

तात्यांनी माझं मनगट धरलं. "ऐकलं का?"

"इंजिन हाय तात्या."

"इंजिन न्हाय. जेवून उठला की त्यो असाच सुस्कारा टाकायचा."

डब्यातलं तेल ओतून आम्ही वळलो. हळूहळू परत आलो. येताना एक थेंब गळला नाही.

आता, वाहन दुरुस्तीचं पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल की काडी का वर आली आणि सुस्कारा कुणी टाकला. मीच तर दोन दिवसांपूर्वी वहिनीला नाकाचं प्रवचन दिलं होतं. पण प्रवचन देणं वेगळं आणि ते स्वतः ऐकणं वेगळं. माझ्या डोक्यात एकच: सील खराब.

इंदापूरला जाऊन नवं सील आणलं. पंखा उतरवला, जुनं सील उकरून काढलं, नवं लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून बसवलं. इतक्या प्रेमानं बसवलं की उलटंच बसवलं. सीलच्या आतल्या बाजूला बारीक स्प्रिंग असते, ती तेलाकडं यावी लागते, माझी पंख्याकडं. काठावर इंजिन चालू केल्याबरोबर मागं उभ्या असलेल्या तात्यांच्या पांढऱ्या शर्टवर काळी रांगोळी उमटली. तात्या खाली बघून म्हणाले, "मिस्त्री, तुमाला तेलाचं झाड लावायचं व्हतं का?"

पुन्हा इंदापूर. दुकानदार म्हणाला, "काल न्हेलेलं खाल्लं का काय?" येताना निमगाव केतकीच्या बाजारातून लिंबू-मिरचीही घेतली आणि इंजिनाला बांधली. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण सीलवरही तेव्हा माझा फार विश्वास उरला नव्हता.

हे सील बरोबर बसलं. काठावर तासभर इंजिन चालवलं, कोरडं ठणठणीत. आम्ही निघालो. बगळे उठले, बगळे संपले, कळस दिसला, आणि त्याच जागी, चिंच हाकेच्या अंतरावर असताना काटा पडला. पुन्हा ती शांतता. पुन्हा काडी वर. पंख्याच्या वाऱ्यानं लिंबू कधीच उडालं होतं. ते पुढं चिंचेच्या बाजूच्या पाण्यावर तरंगत होतं. आमच्या पुढं. मागं उडालेलं लिंबू पुढं कसं आलं, याचा हिशेब मी आजही मांडलेला नाही, आणि मांडणारही नाही.

तात्या खोडाकडं बघत हळू आवाजात बोलले. मला वाटलं माझ्याशी. "का रं यिऊ दीना? आँ? आमी काय परकं हाय?"

मी झाकण उघडलं नाही. मला तो सुस्कारा पुन्हा ऐकायचा नव्हता. तसंच रखडत परत आलो.

वर मावळात पाऊस लागल्याच्या बातम्या होत्या. तिकडं लागला की आमच्याकडचं पाणी चढतं, मग चिंच पुन्हा खाली. तात्या रोज सकाळी काठावर खुंटी ठोकून पाणी बघत. "ह्या वक्ताला न्हाय झालं तर पुढल्या उन्हाळ्यापातूर मी हाय का न्हाय," म्हणत. मी गॅरेज सोडून तिथंच पडीक. वस्तीवरचे लोक आता आमच्या वाटेला येत नव्हते. कुणीतरी म्हणालं, पंखा त्या जागी जायला भितो. यंत्र भितं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मिस्त्री भितो हे कुणी म्हणालं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

शेवटी एका दुपारी मी सगळंच खोलायचं ठरवलं. काठावर संध्याकाळी चिलटांचे ढग येतात, ती हवेच्या जाळीत भरलेली. ती साफ करताना ब्रीदरची नळी हातात आली. तिची पकड ढिली होती. मी पकड ढिली ठेवत नाही. म्हणजे ठेवतो, पण ही घट्ट केल्याचं मला आठवत होतं. नळी काढली. आतून बंद. तारेनं ओढलं तर कापडाचा बोळा बाहेर आला, तेलानं काळा पडलेला, पण आतली घडी हिरवीगार. हिरवा खण. घडीत हळदकुंकू.

माझ्या हातातून तो बोळा पडला. करणी! दुसरं काय सुचणार मला? मी दोन ढांगांत कडुनिंबाखाली. तिथून बोळ्याकडं बघत उभा राहिलो, आणि हळूहळू दुसऱ्या गोष्टी डोक्यात जमू लागल्या. इंजिनाचं नाक. काडी वर ढकलणारा आणि झाकणातून सुस्कारा टाकणारा कोंडलेला वारा. काठावर हळू चालवलं की वारा कोंडत नाही. पूर्ण वेगानं चिंचेपर्यंत जायला लागतो तेवढाच वेळ तेलाला बाहेर पडायला लागतो. त्याच जागी, दर वेळी. येताना हळू, म्हणून कोरडं. आणि हे सगळं ज्याला कळलं त्याला ते शिकवणारा या काठावर एकच गाढव होता.

मी बोळा उचलला आणि घरात गेलो. तात्या ओसरीवर बसलेले. वहिनी आतल्या चौकटीपाशी, तांदूळ निवडत. मी मध्ये, खांबापाशी. हात पुढं केला. काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात ही गोष्ट फार कमी वेळा झालीय.

वहिनीनं सूप बाजूला ठेवलं. पदर सारखा केला. मग खांबाकडं बघून म्हणाली, "त्यांना सांगा, म्याच घातला."

मी वळलो नाही. वळायची गरज नव्हती.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "कुकू पुसायला लागंल म्हनून न्हाय घातला. ते यत्यात. दुपारचं, ऊन डोक्यावर आलं की. उंबऱ्यापास्नं हितवर वल्या पायाचं ठसं उमटत्यात. चुलीपातूर यत्यात आन् थांबत्यात. हाडं आणून जाळली, पानी सोडलं, की मग कशापायी यतील?"

बाहेर कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. मला माझा उंबऱ्यातला विनोद आठवला, आणि ते न पुसलेलं ओलं. मी तात्यांकडं बघितलं. आता ते म्हणतील, वेडी झालीया ही. मला तेच ऐकायचं होतं. कुणीतरी तसं म्हणायलाच हवं होतं.

तात्यांनी आढ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तिला सांगा, मलाबी दिसत्यात."

वहिनीनं पदर तोंडाशी नेला.

"तिला सांगा, म्हनूनच तर पानी सोडायचं व्हतं. मला वाटायचं त्याला वाट घावंना म्हनून यतोय. भिजून भिजून यतोय." त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं. "ती वाट बघतीया म्हनून यतो हे मला कुठं ठावं व्हतं."

वहिनी पदर तोंडात धरून बसली होती. मी दोघांच्या मध्ये, धाकट्याच्या जागेवर, हातात तेलकट खण घेऊन उभा. होडी तयार होती. नाक मोकळं झालं होतं. आता कुठंही गळणार नव्हती. अर्ध्या तासात चिंच गाठता आली असती. आणि पाणी चढायला लागलेलं.

तात्या उठले. माझ्याजवळ आले आणि माझ्या हातातून तो बोळा घेतला. त्यांनी तो झटकला, वाकडातिकडा का होईना घडी घातला, आणि आतल्या चौकटीच्या अलीकडं, जिथवर थोरल्या दिरानं जायचं असतं तिथवर जाऊन फरशीवर ठेवला. मग माझ्याकडं बघून, जरा मोठ्यानं, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मिस्त्री, तुमाला काय ते सील जमत न्हाय गड्या. ऱ्हाऊ द्या. न्हाय जमत माणसाला एकेक."

मी म्हणालो, "व्हय तात्या. न्हाय जमत."

दोन दिवसांत पाणी चढलं. खुंटी बुडाली, मग चिंच, मग कळस. बातमी माझ्या आधी इंदापूरला पोहोचली, तिथून बारामतीला. साधं क्रँकचं सील बसवता न आलेला मिस्त्री, म्हणून माझी तालुक्यात ख्याती झाली, गिऱ्हाईक गाडी सोडताना अजूनही विचारतं, "सीलचं काम न्हाय ना काय?" मी न्हाय म्हणतो.

पंखा काठावर पालथा पडून आहे. कधी त्या बाजूला गेलो की तात्यांकडं चहा होतो. दोघं अजूनही थेट बोलत नाहीत. पण मी आता त्या खांबाला टेकून बसत नाही, अलीकडं भिंतीला बसतो. खांबापाशी जागा मोकळी असते. वहिनी खांबाकडं बघून बोलते, तात्या खांबाकडं बघून उत्तर देतात, आणि कुणी काही पोचवत नसताना सगळं ज्याच्या त्याला पोचतं.

दुपार व्हायच्या आत मी उठतो. आणि निघताना उंबरा ओलांडतो तो खाली न बघता.